विनंती मागे घेतली

गुरुवारी सकाळपासून धाकटीच्या डोक्यात एकच भुंगा गुणगुणत होता: सतरा नंबरची गाडी चौकाच्या तोंडाशी तेवीस मिनिटं का उभी राहिली? दुपारी चार वाजता तिच्यापुढे एक कागद येणार होता आणि त्यावर तिला सही करायची होती. सही झाली की शनिवारी सकाळी दहाला चौक खुला. नाही झाली तर पाहुणे, मांडव, भाषणं, सगळंच मुसळ केरात. आणि सतरा नंबरचं कोडं सुटल्याशिवाय सही करायची म्हणजे तिच्या लेखी डोळे मिटून रस्ता ओलांडायचा.

ऑफिसात तिला चौकवाली म्हणत, घरी धाकटी. आपण धाकटीच म्हणू. आईच्या आणि ताईच्या जिभेवर तिचं दुसरं कुठलं नाव कधी बसलंच नाही, आणि ही गोष्ट फिरून फिरून त्यांच्याच दारात जाते.

काम सांगायला सोपं आणि करायला जीव काढणारं होतं. आपली आपण चालणाऱ्या गाड्यांसाठी एका मोठ्या चौकातले सिग्नल काढून टाकायचे. लाल नाही, पिवळा नाही, हिरवा नाही. चौकाकडे येणारी प्रत्येक गाडी दुरूनच एक विनंती पाठवते: मी आले, मला अमक्या रस्त्याला जायचंय. यंत्र दर अर्ध्या सेकंदाला सगळ्या विनंत्या समोर मांडतं आणि कोण आधी, कोण मग, कोणी वेग किती कमी करायचा याचा असा मेळ घालतं, की सगळ्यांचं मिळून थांबणं कमीत कमी व्हावं. मेळ बसला की चारी बाजूंच्या गाड्या न थांबता एकमेकींच्या मधून निघून जातात, दोन हातांची बोटं एकमेकांत जावीत तशा. पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरून सीटच घट्ट धरतो.

या मेळाचं सगळं गणित धाकटीचं. दोन वर्षं तिनं त्याच्यामागे हाडाची काडं केली होती. शनिवारी पाहुण्यांसमोर बटण दाबायचा मान तिचा होता, आणि तो तिला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. उगाच 'मला कसला आलाय मान' म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली ती नव्हती. शनिवारचा पोशाखसुद्धा तिनं पंधरा दिवस आधी काढून ठेवला होता.

मंगळवारी मोठी चाचणी झाली. साठ गाड्या, आत कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं, ज्याला जिथे जायचं तिथे जा म्हणून सांगितलेलं, साडेनऊ ते साडेअकरा. एका गाडीला चौकात सरासरी किती थांबावं लागलं? तीन पूर्णांक आठ सेकंद. टाळ्या पडल्या. तिच्या विभागाचे प्रमुख तर आकडा कागदावर लिहून खिशात घालून फिरत होते. त्यांना सगळे पाठीमागे सरासरी साहेब म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कुणीच कबूल करत नसे.

आणि बुधवारी नोंदी चाळताना धाकटीला सतरा नंबर सापडली.

गुरुवारी सकाळी ती सरासरी साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा ते शनिवारच्या भाषणात 'क्रांती' हा शब्द किती वेळा येतो ते मोजत होते.

"सर, सतरा नंबर."

"अजून तेच? अगं, ती सरासरीत धरलेलीच नाही."

"का नाही धरली, तेच विचारतेय."

"यंत्रानंच नाही धरली. ती वाट बघत नव्हती, ती उभी केलेली होती. माणूस करतो ना गाडी बाजूला उभी, फोनबिन आला की?"

"चौकाच्या तोंडाशी? तेवीस मिनिटं?"

"असतो एखादा फोन लांबलचक. माझ्या सासूबाईंचा असतो." साहेबांनी चष्मा पुसला. "हे बघ, साठातल्या एकोणसाठ गाड्या झोकात गेल्या. एकीसाठी तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. चारला सही."

ती जागेवर येऊन बसली, उठली, खिडकीशी गेली, परत बसली. टेबलाखाली तिचा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलत होता. तिला आकडे पाठ होते. सतरा नंबर बाजूच्या गल्लीतून आली होती, एकटी. समोर मोठ्या रस्त्यावर अकरा-अकरा, बारा-बारा गाड्यांच्या माळा चालल्या होत्या. एका गाडीसाठी अकरा गाड्या हळू करणं महाग पडतं, म्हणून यंत्र तिला थांबवून ठेवणार हे उघडच होतं. पण गल्लीतल्या एकट्यादुकट्याचे हाल होऊ नयेत म्हणून धाकटीनंच एक सोय करून ठेवली होती: जितका वेळ थांबशील तितकं तुझं वजन वाढेल. दोन मिनिटं झाली की एकटी गाडी अकरांना भारी पडायला हवी. मग इथेच घोडं का पेंड खात होतं?

बाराच्या सुमाराला तिला ती ओळ सापडली. चौऱ्याण्णवाव्या सेकंदाची नोंद. चारच शब्द: विनंती मागे घेतली, प्रवासी.

म्हणजे गाडीला पुढे जायचंच नाही, असं प्रवाशानं स्वतः सांगितलं होतं. विनंती गेली, विनंतीबरोबर वजन गेलं. यंत्राच्या दृष्टीनं तिथे आता गाडी नव्हती, रस्त्याच्या कडेला ठेवलेली एक वस्तू होती. समोरून माळांमागून माळा जात राहिल्या. साडेअकराला चाचणी संपली, सगळ्या गाड्यांना परत या म्हणून हुकूम सुटला, तेव्हा कुठे सतरा नंबर हलली आणि आल्या वाटेनं परत गेली.

क्षणभर धाकटीला हायसं वाटलं. चूक आपली नाही, प्रवाशाची. पण ते हायसं वाटणं काही टिकलं नाही. गाडीत बसून, पत्ता सांगून, गल्लीच्या तोंडाशी येऊन मग कुणी 'मला जायचंच नाही' असं का म्हणेल?

ती पाटीवाल्याकडे गेली. गाडीतल्या पडद्यावर प्रवाशाला जे जे वाचायला मिळतं ते सगळं हा लिहायचा, म्हणून पाटीवाला. गडी हुशार, पण चूक दाखवली की लगेच पुरावे काढायचा.

"नव्वद सेकंद झाल्यावर माणसाला काय दिसतं, दाखव."

त्यानं दाखवलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: 'थोडा जास्त वेळ लागत आहे. मदत हवी आहे का?' खाली दोन बटणं. एकावर 'हो', दुसऱ्यावर 'राहू दे'.

"हो म्हटलं की?"

"नियंत्रण कक्षात घंटा वाजते. माणूस बोलतो."

"आणि राहू दे म्हटलं की?"

"विनंती मागे." पाटीवाल्यानं हे अगदी सहज सांगितलं.

"अरे, विनंती मागे का? मदत नको म्हटलं त्यानं, जायचं नाही असं कुठे म्हटलं?"

पाटीवाल्यानं जुना कागद काढलाच. "हे बघ. ही बटणं मुळात दुसऱ्या पाटीची. 'प्रवास चालू ठेवायचा का? हो, राहू दे.' तिथे राहू दे म्हणजे रद्द, बरोबर? पुढे मदतीची पाटी आली. मी विचारलं, नवीन बटण करू का. तू काय म्हणालीस आठवतं?"

"काय म्हणाले?"

"म्हणालीस, वेळ नाही, नवीन राहू दे, तेच लाव."

धाकटीनं कपाळाला हात लावला. वाक्य तिचंच होतं. तिला ते बोलल्याचं आठवत नव्हतं, पण तिचंच होतं.

"पण मला सांग," पाटीवाला आता इरेला पेटला होता, "राहू दे म्हणजे शेवटी नकोच ना? यात दोन अर्थ आले कुठून?"

त्याच वेळी सफाईच्या मावशी त्याच्या टेबलाखालची टोपली उचलायला वाकल्या होत्या. धाकटीनं त्यांनाच धरलं. "मावशी, तुम्हाला कुणी विचारलं, दमलात का, करू का मदत, आणि तुम्ही म्हणालात राहू दे. म्हणजे काय?"

मावशींनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. ही शिकलेली माणसं आपली फिरकी घेतायत की काय, असं त्यांना वाटलं असावं.

"म्हणजे काय काय? राहू दे म्हटलं की समोरच्यानं अजून एकदा विचारायचं असतं."

"आणि नाही विचारलं तर?"

"नाही विचारलं तर नाही विचारलं. आपण आपलं करायचं." मावशी टोपली घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.

पाटीवाल्यानं जुना कागद परत खणात ठेवला. धाकटी मात्र उभीच होती. कोडं सुटलं होतं, दीड वाजला होता, दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. तरी तेवढ्यानं तिचं भागेना. त्या माणसाला खरंच जायचं होतं का, हे तिला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. नोंदींत नावं नव्हती, नियमच होता तसा. पण चाचणीनंतर प्रत्येक प्रवाशानं एक छापील चिठ्ठी भरून पेटीत टाकली होती. ती पेटी तळघरातल्या कपाटात, जशीच्या तशी, कुणीही न उघडलेली. सरासरी मिळाल्यावर चिठ्ठ्या कोण वाचतो?

तिनं पेटी जमिनीवर उपडी केली आणि मांडी घालून बसली. चौदा नंबर: वेग छान, सीट टणक. एकतीस: माझ्या मुलाला उलटी झाली, तुमचा दोष नाही. सात: फारच सुंदर. आणि मग सतरा.

पाचपैकी गुण: पाच. काही त्रास झाला का: नाही. सूचना: 'सगळं छान आहे. मुलांनी खूप मेहनत घेतली आहे.'

धाकटीनं ते तीनदा वाचलं. शब्दांकडे तिचं लक्षच नव्हतं. तो 'ख' ती ओळखत होती, खालचं टोक शेपटीसारखं वळवलेला. शाळेत असताना तिच्या प्रगतिपुस्तकावर आई कामावर असायची म्हणून त्याच हातानं सही व्हायची. तिच्या पहिल्या नोकरीचा अर्ज त्याच अक्षरात होता, कारण तिचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

ते अक्षर ताईचं होतं.

चाचणीच्या यादीत ताईचं नाव धाकटीनंच घातलं होतं, महिन्यापूर्वी, माणसं कमी पडत होती म्हणून. ताई 'बघू, आले तर येईन' म्हणाली होती. मंगळवारी संध्याकाळी धाकटी घरी गेली ती विजयी मुद्रेनं. जेवताना तासभर बोलत होती. तीन पूर्णांक आठ, टाळ्या, साहेबांचा खिशातला कागद. ताई वाढत होती आणि हसत होती. तू आलीस का, कोणत्या गाडीत होतीस, कशी वाटली, यातलं एक अक्षरही धाकटीनं विचारलं नव्हतं. तळघराच्या फरशीवर बसून तिला ते आता लख्ख आठवलं आणि तिचे कान तापले.

वर येऊन तिनं सतरा नंबरचा पत्ता काढला. शहराचं मोठं ग्रंथालय, मागचं दार, सव्वाअकरा वाजता. ताईला ग्रंथालयात काय काम? शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून ती गेली असणार. वर्षातून चारदा ती काकूंना असं सांगायची, ते दवाखान्यासाठी किंवा बँकेसाठी. ग्रंथालयासाठी कधीच नाही.

धाकटीनं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. हे फोनवर विचारायचं नव्हतं.

मग ती दुरुस्तीला भिडली. 'राहू दे' हे बटण तिनं सगळ्या पाट्यांवरून काढायला लावलं. त्या जागी 'मदत नको, मी वाट बघत आहे'. प्रवाशानं काही म्हटलं तरी गाडी चौकाच्या तोंडाशी असेपर्यंत तिची विनंती कुणी काढायची नाही. प्रवास सोडायचाच असेल तर यंत्रानं दोनदा विचारायचं. आणि थांबलेली प्रत्येक गाडी सरासरीत धरायची, मग ती कितीही वेळ थांबलेली असो. पाटीवाला मुकाट्यानं टाइप करत होता. पावणेचारला मंगळवारच्याच नोंदी नव्या हिशेबानं यंत्रातून फिरवून पाहिल्या. सतरा नंबर एकशे अकराव्या सेकंदाला चौक ओलांडून गेली.

चारला ती साहेबांसमोर उभी राहिली.

"मिळालं उत्तर. दुरुस्तीही झालीय. उद्या सकाळी पुन्हा चाचणी घ्यायची, ती नीट झाली तर शनिवार पक्का. मी तसंच लिहून सही करणार."

"आणि सरासरी?"

"पाच पूर्णांक सहा."

साहेबांचा चेहरा एखाद्याच्या घरी वाईट झाल्यासारखा पडला. खिशातला कागद त्यांनी हातानं चाचपला. "भाषणात तीन पूर्णांक आठ आहे गं."

"ते खोटं होतं, सर. सगळ्यात जास्त थांबलेल्या माणसाला आपण मोजलंच नव्हतं."

"कोण होतं ते?"

"माझी बहीण," धाकटी म्हणाली आणि सही करून खोलीबाहेर पडली.

घर चालत वीस मिनिटांवर. ती पंधरात पोचली. वाटेत गल्लीच्या तोंडाशी जरा थांबली. समोर मोठा रस्ता सुसाट वाहत होता. इथे बंद काचेआड तेवीस मिनिटं. चौकाच्या तोंडाशी गाडीची दारं उघडत नाहीत, हा नियमही तिनंच लिहिला होता.

आई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून बाहेर बघत होती. ताई शनिवारच्या पोशाखाची खालची पट्टी दुमडून शिवत होती.

"लवकर आलीस?" ताई म्हणाली. "हे जरा लांब होत होतं, पायात आलं असतं."

"ताई, मंगळवारी तू कुठे निघाली होतीस?"

सुई थांबली. "कुठे म्हणजे? तुमच्या गाडीत. तूच नाव घातलं होतंस."

"गाडीत नाही. गाडीतून कुठे?"

ताईनं आईकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे. "ग्रंथालयात. जुनी पुस्तकं दुरुस्त करायला त्यांना माणूस हवंय. मी एक पुस्तक बांधून पाठवलं होतं नमुन्याला. त्यांना आवडलं. मग म्हणाले, समोर बसून करून दाखवा."

धाकटी खाली बसली. ताई एकेकाळी छापखान्यात बांधणीच्या टेबलावर होती. आई पडली तेव्हा तिनं ती नोकरी सोडली. घरात सगळे म्हणाले, तिला तशीही फारशी हौस नव्हतीच. कोण म्हणालं होतं ते पहिल्यांदा? महिनाभर घरात खळीचा वास येत होता, तेव्हाही धाकटीनं फक्त खिडक्या उघडल्या होत्या.

"मदतीचं विचारलं ना त्या पडद्यानं तुला?"

"विचारलं की. पण तुझा एवढा मोठा दिवस. माझ्यापायी कुठे घंटा वाजवा, माणसं पळवा. राहू दे म्हटलं. वाटलं, आता निघेल, आता निघेल."

"आणि चिठ्ठीवर पाचपैकी पाच?"

"मग काय तुझे गुण कापू?"

"संध्याकाळी मला सांगायचं तरी होतंस!" धाकटीचा आवाज चढला. राग कुणाचा कुणावर निघत होता, देव जाणे.

"सांगणार होते," ताई म्हणाली. "तू बोलत होतीस."

ताईनं सुईत नवा दोरा ओवला. मग धाकटीनं तिला सगळं समजावलं: बटण, दोन पाट्या, मागे गेलेली विनंती. "यंत्राला वाटलं, तुला जायचंच नाहीये."

"एकट्या यंत्राला?" ताई म्हणाली. टोमणा मारल्यासारखं नाही, हसत, दोरा दातानं तोडता तोडता.

"ग्रंथालयातून पुन्हा फोन आला होता," ताईच पुढे म्हणाली. "काल. चाचणी परत घेऊ म्हणाल्या बाई. सहाच्या आत कळवायचंय, येणार की नाही."

घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

"कधी?"

"शनिवारी. दहाला. काकू नाहीयेत शनिवारी, त्यांच्या लेकीकडे जातायत."

धाकटीच्या डोळ्यांसमोर मांडव आला, खुर्च्यांच्या रांगा, लाल कापडाचं टेबल आणि टेबलावर ते बटण. दोन वर्षं. तिनं तोंड उघडलं, पण शब्द यायला दोन-तीन सेकंद लागले, आणि तेवढे सेकंद ताईला पुरले.

"अगं, राहू दे," ती म्हणाली आणि पोशाख झटकून उभी राहिली. "तुझा शनिवार आहे. हे घालून बघ, लांबी बरोबर झालीय का."

"ताई."

"बघ तरी घालून."

"ताई, तुला जायचंय का?"

"मी म्हटलं ना—"

"मी दुसऱ्यांदा विचारतेय. जायचंय का तुला?"

ताईनं पोशाखाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिचा चेहरा असा झाला होता, जसा धाकटीनं कधी पाहिला नव्हता. भूक लागलेल्या माणसाचा.

"जायचंय," ती म्हणाली. आणि मग इतक्या मोठ्यानं, की खिडकीशी बसलेल्या आईनं वळून पाहिलं, "जायचंय गं मला!"

"मग कळव त्यांना. आत्ता. माझ्यासमोर."

ताई आतल्या खोलीत फोन करत होती तेवढ्यात धाकटीनं साहेबांना फोन लावला. लावायला उशीर केला असता तर आपण लावणार नाही, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

"सर, शनिवारी मी नसेन."

"नसेन म्हणजे? बटण कोण दाबणार? घरी कुणी आजारी आहे का?"

"आईजवळ थांबायचंय."

"अगं, मग सांग ना घरातल्या कुणाला तरी!"

"त्याच कुणाला तरी बाहेर जायचंय, सर. बटणासाठी पाटीवाल्याला उभा करा, बटणांतलं त्याला कळतं."

साहेब बरंच काही बोलले. फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. ताईसाठी आलं की लाल कापडाच्या टेबलासाठी, हे तिनं फार तपासून पाहिलं नाही. थोडं त्या टेबलासाठीही होतंच.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. शनिवारी आपण दोघीच आहोत."

"आणि ती?"

"तिला काम आहे."

आई यावर जरा विचार करत राहिली. "तुला जमेल का माझं?" ती म्हणाली, आणि या प्रश्नात शंका अशी होती, की धाकटीला रडता रडता हसू फुटलं.

ताई बाहेर आली. तिचे गाल लाल झाले होते आणि काय करावं ते न सुचून ती आधी दिवा लावून आली, मग पाणी प्यायली. मग तिनं औषधांच्या कपाटाचं दार उघडलं, मागे हात घातला आणि चौघडी घातलेला एक कागद काढला. "तुला लागेल हा," ती म्हणाली. "सगळं लिहिलंय."

धाकटीनं कागद उलगडला. घड्यांवर तो फाटायला आला होता आणि मागून चिकटपट्टीनं जोडलेला होता. वर लिहिलं होतं: 'मी बाहेर गेले तर'. खाली आईचा दिवस, तासातासानं. सात वाजता अर्धी गोळी. 'अर्धी' खोडून वर निळ्या शाईनं 'एक', आणि 'एक' खोडून काळ्या शाईनं 'दीड'. साडेसातला न्हाणीघरात नेताना आईच्या डाव्या हाताला काठी द्यावी. 'काठी' खोडली होती, वर 'वॉकर' लिहिलं होतं. 'वॉकर' खोडलं होतं, आणि शेजारी, समासात, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात, 'चाकाची खुर्ची'.

"अक्षर लागतंय ना?" ताईनं विचारलं.

"लागतंय," धाकटी म्हणाली, आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली.